गव्हाचं कातडं

"चिली ब्रेड? त्यात काय एवढं! काल रात्रीच केला होता," ल्याव सेन-फुकने फोनवर ठोकून दिलं.

पलीकडे टोरंटोत त्याची मुलगी डोरिन होती. तिने विचारलं, "आईसारखा?"

"आईपेक्षा जरा बराच म्हणायचा!"

हे बोलताना ल्याव बायकोच्या, स्यू-इनच्या, फोटोकडे पाठ करून उभा होता. तेवढी लाज त्याला होती. काल रात्री तो रोजच्यासारखा गल्लीपलीकडे फोंगवहिनीच्या हॉटेलात नूडल्स खाऊन आला होता. स्यू-इन गेल्यापासून घरातली शेगडी पेटायची ती चहापुरती, आणि तो चहासुद्धा दोनदा करपला होता. चहा कसा करपतो हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"बरं, आ-पा, ऐक," डोरिन म्हणाली. "गुरुवारी दुपारी मी पोचतेय. तुझं तिकीट काढलंय. पण तू माझ्यासमोर चिली ब्रेड ठेवलास, आणि तो मला गिळता आला, तर तिकीट रद्द. मग राहा तुझ्या टँग्रात. नाही जमलं तर मुकाट्याने माझ्याबरोबर निघायचं. कबूल?"

"कबूल! पोटभर खा!"

फोन ठेवल्यावर ल्यावने थंड शेगडीकडे बघितलं.

टोरंटो काही वाईट नव्हतं. टँग्रातली अर्धी चिनी वस्ती तिकडेच जाऊन राहिली होती. त्याचे दोन मेहुणे तिकडे होते, पत्ते खेळायला माणसं होती, बर्फ होता. पण स्यू-इन इकडे होती. कब्रस्तानात भिंतीच्या कडेला होती, आणि तिच्या शेजारची जागा ल्यावने स्वतःसाठी धरून ठेवली होती. तिला तिथे एकटी टाकून बर्फ बघायला जायचं त्याला नव्हतं. पण हे डोरिनला सांगणार कसं? त्यांच्या घरात कातड्यांवर बोलायची रीत होती, हवेवर होती, डुकराच्या मांसाच्या भावावर होती. असल्या गोष्टींवर बोलायची नव्हती.

ब्रेडची मात्र ददात नव्हती. पाववाला मक्सूद रोज सकाळी सायकलवरून यायचा आणि न विचारता मोठा ब्रेड दारात ठेवायचा. स्यू-इन होती तेव्हाही तोच यायचा. आता निम्मा उरायचा. "उद्यापासून अर्धा दे," एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. पण मग मक्सूदने विचारलं असतं, का? म्हणून ल्याव काही बोलत नव्हता आणि कपाटात ब्रेड साठत होता. बुरशी धरलेला त्याने टाकून दिला तरी सहा थप्प्या उरल्या.

बुधवारी तो फोंगवहिनीच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, चिली ब्रेड कसा करतात?"

फोंगवहिनीने कढईतून मान वर केली नाही. "स्यू-इन जन्मभर तुझ्यासमोर करायची ना, ल्यावदा? तू काय बघत होतास?"

"बशी."

"शिळा ब्रेड घे. चांगला वाळू दे. चौकोन काप. मग सोया, व्हिनेगर, चिली सॉस. सोया रंगाला, व्हिनेगर वासाला. रंग चढला की झालं. सोपं आहे."

"किती किती घ्यायचं?"

"अंदाजाने."

"आणि अंदाज कुठे मिळतो?"

"तो माझ्याकडे विकत मिळत नाही. सरक, माझं तेल जळतंय!"

तेल जळत होतं म्हणून "तळ" हा शब्द सांगायचा राहिला. कांदा-लसूण राहिला, कॉर्नफ्लॉवर राहिलं. पण ल्याव खूश होऊन घरी आला. वाळवायचं, कापायचं, रंग चढवायचा, वासावर लक्ष ठेवायचं! एवढंच होय? त्याने सगळं आयुष्य दुसरं काय केलं होतं? टँग्रात कातडी कमावण्याचे कारखाने चालत होते तेव्हा ल्यावच्या हातचं बूट-लेदर लोक डोळे मिटून ओळखत. पुढे घाण पाण्यावरून कोर्टाचा हुकूम झाला, कारखाने शहराबाहेर गेले, आणि ल्यावच्या आवारात रिकामी लाकडी पिंपं आणि गच्चीवर कातडी ताणायच्या फळ्या तेवढ्या राहिल्या. तो बायकोला म्हणायचा, "माझी विद्या फुकट गेली." आता कळलं, विद्या कधी फुकट जात नाही!

गुरुवारी उजाडताच तो कामाला लागला.

कातडं आधी भिजवतात. त्याने एक थप्पी टबात भिजवली. थोड्या वेळाने टबात ब्रेड नव्हता, नुसती खळ होती. भिंतीला पोस्टर चिकटवता आलं असतं. ल्यावने ती शांतपणे गटारात ओतली आणि गटार पांढरं झालं.

"कोवळं कातडं आहे. भिजवणं नको," त्याने स्वतःशीच निदान केलं.

मग त्याने दोन मोठ्या फळ्या धुऊन पुसून गच्चीवर उन्हात उभ्या केल्या आणि त्यांवर ब्रेडचे काप ओळीने ताणून चिमटे लावले. ब्रेड ताणला जात नाही, हे त्याला तीन काप फाटल्यावर पटलं. एप्रिलचं ऊन होतं. काप तासाभरात खडखडीत झाले. पहिल्या फळीवरच्या कापांवर त्याने ब्रशने सोयाचा हात मारला. वाळू दिला. त्यावर व्हिनेगर आणि चिली सॉस. वाळू दिला. पुन्हा सोया. मग रंगात जरा चमक कमी वाटली म्हणून शेवटी तेलाचं बोट फिरवून फडक्याने घासलं.

काय चकाकी आली! ल्याव चार पावलं मागे सरून बघत राहिला. असला तांबूस-तपकिरी रंग त्याला ऐन उमेदीतही साधला नव्हता. दुसऱ्या फळीला रंग द्यायचा राहिला होता, पण सॉसच संपला. रिकाम्या बाटल्या विसळून त्याने पाणी गटारात सोडलं. आता गटार लाल झालं.

तेवढ्यात वरून हाक आली.

"ओ ल्यावबाबू!"

समोर एका जुन्या कारखान्याच्या जागेवर नवी उंच इमारत झाली होती. तिच्या सातव्या मजल्यावर दत्तबाबू राहायचे. निवृत्त झाल्यापासून बाल्कनी हेच त्यांचं ऑफिस होतं.

"काय हो, पुन्हा सुरू केलंत?"

"हो!" ल्याव आनंदाने ओरडला. "मुलगी येतेय ना!"

"इतकी वर्षं बंद होतं, ते असं उघड्यावर?"

"उन्हाशिवाय रंग धरत नाही!"

"पण परवानगी?"

"तिनेच सांगितलंय! फोनवर!"

दत्तबाबूंनी नाक दाबलं, आत गेले आणि त्यांनीही फोन केला.

ल्याव खाली आला. चमकदार कापांचे त्याने कात्रीने चौकोन कापले. सुरी चालेना म्हणून कात्री. आणि कात्रीही साधी नव्हे, कारखान्यातली. चौकोन वाडग्यात रचले. पहिला वाडगा रीतीप्रमाणे स्यू-इनच्या फोटोपुढे ठेवला, शेजारी चहा ठेवला, उदबत्ती लावली. "बघ," एवढंच म्हणाला. मग दुसरा वाडगा टेबलावर ठेवून झाकला आणि अंघोळीला गेला.

नेमके त्याच वेळी दोघे जण फाटकापाशी पोचले. टॅक्सीतून डोरिन उतरली आणि ऑटोतून भौमिकबाबू उतरले.

भौमिकबाबू प्रदूषणाच्या सरकारी कचेरीत निरीक्षक होते. पोटाचे नाजूक, नोकरीचे शेवटचे दिवस, तोंडात नवी कवळी. त्यातून आज गुरुवार. गुरुवारी त्यांच्या घरी लक्ष्मीची पूजा असे आणि कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. सकाळी ते उकडलेली पपई खाऊन निघाले होते. अशा माणसाला टँग्रात पाठवणं हीच मुळात कचेरीची क्रूरता होती. गल्लीच्या तोंडापासून प्रत्येक हॉटेलातून लसणाच्या फोडणीचा वास त्यांच्या मागे लागला होता.

"ल्याव सेन-फुक इथेच राहतात? मी सरकारी चौकशीसाठी आलोय," ते म्हणाले.

डोरिनला वाटलं, आ-पाच्या पासपोर्टची चौकशी. ती हसून म्हणाली, "हो, हो. मी कॅनडाहून आलेय."

भौमिकबाबूंचे डोळे बारीक झाले. "न्यायला?"

"हो, न्यायलाच."

"किती नग?"

डोरिनला बाबूंची बोलण्याची पद्धत जरा वेगळी वाटली. पण सरकारी माणूस होता. "एकच आहे."

"जुनं?"

"सत्तर वर्षांचं," तिनेही त्याच थाटात सांगितलं.

"बाप रे! टिकलंय?"

"टिकलंय, पण अडून बसलंय. हलतच नाही जागचं. पण या खेपेला मी नेणारच."

सत्तर वर्षांचं चामडं परदेशी निघालंय आणि कुठेतरी अडकून पडलंय, एवढं मनात धरून भौमिकबाबू आवारात शिरले. लाल गटार त्यांना तिथेच दिसलं. त्यांनी बाटली काढली, वाकून नमुना भरला, रिवाजाप्रमाणे हुंगला आणि तसेच वाकलेले राहिले.

"काय झालं?" डोरिनने विचारलं.

"काही नाही." त्यांनी बाटलीला बूच लावलं. "भूक लागली."

ल्याव टॉवेल गुंडाळून बाहेर आला तर अंगणात मुलगी, दोन सुटकेसा आणि गटाराची बाटली छातीशी धरलेला एक बाबू. डोरिनला मिठी मारावी तर टॉवेल. त्याने मान हलवली. तिनेही हलवली. दहा महिन्यांनी भेटत होती ती माणसं.

"वाळलास, आ-पा."

"उन्हात होतो."

"ल्यावबाबू!" भौमिकबाबू मध्ये पडले. "गच्ची दाखवा."

गच्चीवर दोन फळ्या उभ्या होत्या. एकीवर कोरे पांढरे काप, दुसरीवर रंगवलेले, चकचकीत, चिमट्यांत ताणून बसवलेले. सातव्या मजल्यावरून दत्तबाबू खुर्ची घेऊन बघत होते.

"हे कातडं नाही म्हणता?" भौमिकबाबूंनी विचारलं.

"मी अजून काही म्हणालोच नाही."

"कसलं कातडं आहे हे?"

"गव्हाचं."

"थट्टा करताय? मी सरकारी कामावर आहे!"

"बाबू, हा चिली ब्रेड आहे."

"आ-पा," डोरिन हळूच म्हणाली, "हा चिली ब्रेड आहे?"

ल्यावने फळीवरच्या चकाकीकडे एकदा बघून घेतलं. पण माघार घेतली तर बर्फ होता. "आहे तर! खाली वाडगा तयार आहे. चला!"

खाली टेबलावरचं झाकण निघालं. भौमिकबाबूंनी एक चौकोन उचलला. वाकवला, वाकेना. टेबलावर आपटला, खाट् आवाज आला. नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा मवाळ झाला.

"वास तर खाण्याचा आहे," ते म्हणाले. "पण वासावर अहवाल लिहिता येत नाही. चाखून बघावं लागेल. कर्तव्य आहे."

"कांदा-लसूण नाही त्यात," ल्याव घाईने म्हणाला. "आज तुमच्यात चालत नसेल."

"माझ्या घरात चालत नाही," भौमिकबाबू म्हणाले. "हे काही माझं घर नाही."

आणि त्यांनी कडकडून चावा घेतला.

बराच वेळ काही झालं नाही. भौमिकबाबू जोर लावत होते. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी तुकडा बाहेर ओढला. तुकडा आला, आणि तुकड्याबरोबर वरची कवळीही आली. दात चौकोनात घट्ट रुतलेले. तुकडा जसाच्या तसा शाबूत!

फोटोतली स्यू-इनसुद्धा नेहमीपेक्षा जास्त गप्प वाटली.

"हा आता पुरावा झाला," भौमिकबाबू फुसफुसत्या आवाजात म्हणाले. "जप्त करायला हवा. पण जप्त केला तर माझे दात सहा महिने सरकारी कपाटात जातील."

ल्यावने मुकाट्याने कारखान्यातली पक्कड आणली. डोरिनने तुकडा धरला, ल्यावने कवळी धरली, भौमिकबाबू "हळू! हळू!" करत भोवती फिरले. कवळी सुटली. चौकोनावर दातांची सुरेख ओळ उठली होती. ल्याव सवयीने म्हणाला, "ठसा छान उमटतो."

डोरिनची नजर फोटोपुढच्या वाडग्यावर गेली. "आ-पा, तू आईलाही हेच दिलंस?"

"तिने काही तक्रार केली नाही."

डोरिन खुर्चीत बसली आणि तिने तोंड ओंजळीत घेतलं. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते ल्यावला कळेना आणि विचारायचं धैर्य होईना. तो आपला कपाटाकडे वळला. "निळी बॅग घ्यावी की काळी?" त्याने विचारलं. "तिकडे बर्फात काळी बरी दिसेल."

"बॅग ठेव खाली," डोरिन म्हणाली. ती उठली, बाह्या सरसावून शेगडीपाशी गेली. "कढई कुठंय? तेल? काही नाही घरात! आ-पा, गच्चीवरचे पांढरे काप घेऊन ये. रंग न दिलेले. आणि फोंगकाकूकडून लसूण आण."

फोंगवहिनी लसूण घेऊन स्वतःच आली, कारण गल्लीत सरकारी माणूस शिरल्याचं तिला केव्हाच कळलं होतं. कांदा, सिमला मिरची, सॉसच्या बाटल्या, कॉर्नफ्लॉवर आणि तेलाचा डबाही तिने आणला होता. "तळायचं सांगायचं राहिलं का माझ्याकडून?" ती म्हणाली. "पण इतकं तर म्हशीलाही कळतं!"

पांढरे काप उन्हात छान कडकडीत वाळले होते. डोरिनने चौकोन करून ते तळले. लसूण-मिरची परतली, सॉस घातला, शेवटी कॉर्नफ्लॉवरचं पाणी, आणि मोठ्या जाळावर दोनदा उडवलं. घर वासाने भरून गेलं. तो वास घरात शिरला तसा ल्याव उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि गटाराकडे बघत राहिला.

"बस ना," डोरिन म्हणाली. तिने तीन वाडगे मांडले. मग चौथा भरला, फोटोपुढचं चामडं उचललं आणि तिथे ठेवला. फोंगवहिनी गिऱ्हाइकं खोळंबल्याचं सांगून निघून गेली, पण फाटकापर्यंत तीनदा मागे वळली.

भौमिकबाबूंनी कवळी धुऊन बसवली आणि पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग बोलणं बंद. ल्यावही खात होता. वाडगा संपला तशी त्याने मधल्या ताटातल्या शेवटच्या तुकड्याला हात घातला. त्याच वेळी भौमिकबाबूंनीही घातला.

"पाहुणा मी आहे," भौमिकबाबू म्हणाले.

"फळ्या माझ्या आहेत."

"मी गुन्हा नोंदवू शकतो!"

"नोंदवा. तोवर मी खातो."

आणि ल्यावने खाल्ला.

डोरिन बघत होती. "आ-पा," ती म्हणाली, "तू फोनवर म्हणालास ना, काल रात्री चिली ब्रेड केला? त्याच रात्री फोंगकाकूचा निरोप आला होता. नूडल्स खाल्ले, निम्मे टाकले. रोज येतो तिचा निरोप. रोज निम्मे टाकले."

ल्यावने मान खाली घातली. "तुला सगळं ठाऊक होतं?"

"होतं. स्वयंपाकासाठी नाही आले मी. तू निम्मं टाकतोस म्हणून आले."

ल्यावने रिकाम्या वाडग्याकडे बघितलं. सांगावं की नाही असा बराच विचार केला. मग म्हणाला, "तुझी आई इथे आहे ना." त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांबलचक भाषण होतं. लगेच पुढे म्हणाला, "ऊन फार आहे आज."

"हो," डोरिन म्हणाली. "फार आहे."

भौमिकबाबूंनी घसा साफ केला. त्यांनी कागद काढून अहवाल लिहिला आणि मोठ्याने वाचला: "गच्चीवर आढळलेला माल खाद्यपदार्थ असल्याचा दावा. काही माल खाद्य आढळला, काही नाही. संशयाला जागा आहे. सबब सदर जागेची तपासणी दर आठवड्याला, गुरुवारी, दुपारी जेवणाच्या वेळी करण्यात यावी."

"गुरुवारीच का?" डोरिनने विचारलं.

"सरकारी कामात कारणं विचारू नयेत," भौमिकबाबू म्हणाले. मग हळूच पुढे जोडलं, "उकडलेली पपई खाल्लीय कधी?"

डोरिन दोन आठवडे राहिली. तिने ल्यावचं तिकीट रद्द केलं आणि त्याला तळायला शिकवलं. जाताना बजावलं, "रोजचा ब्रेड अर्धा घेत जा, आ-पा."

दुसऱ्या दिवशी मक्सूद आला, त्याने सवयीने मोठा ब्रेड ठेवला. ल्यावने तोंड उघडलं, मिटलं आणि ब्रेड आत नेला. शेवटी सरकारी तपासणीला माल लागतोच.

भौमिकबाबू गुरुवार चुकवत नाहीत. येतात, गटार हुंगतात, दत्तबाबूंना खालूनच हात करतात आणि टेबलाशी बसतात. बसल्यावर आधी कवळी काढून खिशात ठेवतात.

"आता मऊ असतं हो!" ल्याव दर वेळी सांगतो.

"ऐकीव माहितीवर मी विश्वास ठेवत नाही," ते बोळक्या तोंडाने म्हणतात. "पहिला तुकडा हिरड्यांनी तपासणार. तो पास झाला की दात बसवणार."

असे बरेच गुरुवार झाले. कवळी अजून खिशातच आहे.